यंत्राचा इशारा म्हणजे पुरावा नव्हे

खात्याच्या नोटीस बोर्डावर हल्ली एक परिपत्रक हमखास लागलेले असते. पासवर्ड कोणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, ऑफिसच्या कॉम्प्युटरला स्वतःचा पेन ड्राइव्ह लावू नका, असे त्यात लिहिलेले असते. खाली साहेबांची सही. आपण वाचतो आणि ड्युटीवर जातो. पण अलीकडे मोठ्या संस्थांत, मग त्या सरकारी असोत की खाजगी, या विषयाला एक नवे शेपूट जोडले गेले आहे. कॉम्प्युटरच्या जाळ्यावर चोवीस तास पहारा ठेवण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडे, म्हणजे ज्याला सगळे ‘एआय’ म्हणतात त्याच्याकडे, सोपवले जात आहे. हा विषय इंजिनिअर लोकांचा, युनियनने त्यात कशाला पडायचे, असे काही सभासद विचारतात. पहारेकरी नेमका कोणावर पहारा ठेवणार, हा प्रश्न ज्या दिवशी उभा राहतो त्या दिवशी तो युनियनचा विषय होतो, असे माझे मत आहे. म्हणून हा लेख.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी यंत्राच्या विरोधात लिहीत नाही. मी दहावी शिकलेला माणूस, जुन्या भाषेत मॅट्रिक. नोकरीला लागलो तेव्हा खिडकीवर पुठ्ठ्याची तिकिटे आणि तारीख मारायचे यंत्र होते. कॉम्प्युटर आला तेव्हा आपल्या चळवळीत पुष्कळ वाद झाले. काही भीती खऱ्या ठरल्या, काही नाही. आरक्षणाचा क्लार्क जाडजूड रजिस्टरांतून सुटला हे खरे, आणि खिडक्या कमी झाल्या हेही खरे. तो अनुभव गाठीशी असताना आता आंधळा विरोध नको आणि आंधळे स्वागतही नको.

आज चोर कोणत्या वेगाने काम करतो ते पुण्यात २०१८ साली दिसले. ११ ते १३ ऑगस्ट या तीन दिवसांत कॉसमॉस सहकारी बँकेचे ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. शनिवारी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे ७८ कोटी काढले गेले, आणखी अडीच कोटी देशातल्या देशात, आणि सोमवारी जवळजवळ १४ कोटी थेट हाँगकाँगच्या एका खात्यात पाठवले गेले. एटीएमकडून ‘खात्यात पैसे आहेत का’ अशी विचारणा आली की ती बँकेपर्यंत पोचतच नव्हती. चोरांनी मध्येच आपली यंत्रणा बसवून ‘आहेत, द्या’ असे उत्तर पाठवायला सुरुवात केली होती. सुट्टीच्या दिवशी, काही तासांत, हजारो व्यवहार. हे कोणता क्लार्क, कोणता मॅनेजर डोळ्यांनी पकडणार? ‘या बँकेची कार्डे आज अचानक एवढ्या देशांत कशी चालू लागली’ हे क्षणात विचारणारे यंत्र लागते, यात शंका नाही.

रेल्वेच्या तत्काळ तिकिटांची गोष्ट आपल्याला अधिक जवळची. जून २०२५ मध्ये रेल्वे मंत्रालयाने सांगितले की तत्काळ सुरू झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉग-इनचे जे प्रयत्न होतात त्यांतले निम्म्यापर्यंत प्रयत्न माणसांचे नसून दलालांच्या ‘बॉट’चे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमचे असतात. अडीच कोटी संशयास्पद युजर आयडी बंद केल्याचेही त्यांनी सांगितले. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधारची अट आली. खिडकीवर सकाळी दहाला पहिल्या नंबरवर उभ्या असलेल्या प्रवाशाला वेटिंग मिळाले की तो शिव्या कोणाला देतो, हे बुकिंगच्या साथींना सांगायला नको. दलालाचा प्रोग्रॅम थांबवणारे यंत्र आले तर त्या शिव्या थोड्या कमी होतील. त्याचे स्वागतच आहे.

डाक खात्यात तर लोक पोस्टमनला रस्त्यात अडवून विचारतात. ‘तुमचे पार्सल आले आहे, पत्ता अपुरा आहे, ४८ तासांत या लिंकवर पत्ता भरा’ असे इंडिया पोस्टच्या नावाचे खोटे एसएमएस देशभर फिरले. २०२४ साली सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकला ते खोटे असल्याचे जाहीर करावे लागले. आणि आता चोरांच्या हातातही एआय आहे. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये अरुप या ब्रिटिश इंजिनिअरिंग कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला व्हिडिओ बैठकीला बोलावले गेले. पडद्यावर मोठे साहेब होते, ओळखीचे सहकारी होते. त्यांच्या सांगण्यावरून त्याने सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. नंतर कळले की पडद्यावरचे चेहरे आणि आवाज सगळे बनावट होते. त्या कर्मचाऱ्याला आधी आलेल्या ईमेलचा संशय आला होता, पण साहेब समोर ‘दिसले’ म्हटल्यावर तो गप्प बसला. साहेबाला उलटा प्रश्न विचारण्याची सवय ज्या ऑफिसात नाही, तिथे असे होणारच. (आपल्याकडे ती किती आहे ते वाचकांनीच ठरवावे.)

आता हे पहारेकरी यंत्र काम कसे करते ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. कॉम्प्युटरवर कोणी लॉग-इन केले, किती वाजता, कुठल्या मशीनवरून, काय उघडले, काय रद्द केले, याची नोंद आपोआप राहते. तिला ‘लॉग’ म्हणतात. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने असे लॉग १८० दिवस सांभाळणे आणि हल्ला झाल्यास तो कळल्यापासून ६ तासांत कळवणे संस्थांना बंधनकारक केले. एका मोठ्या खात्यात दिवसाला अशा लाखो नोंदी होतात. माणूस त्या वाचू शकत नाही. एआय वाचते. ते आधी प्रत्येकाचे ‘नेहमीचे’ वागणे शिकते आणि मग जे नेहमीपेक्षा वेगळे दिसेल त्यावर लाल खूण करते.

आपला ट्रॅकमन हातोडा मारून रुळाच्या आवाजावरून सैल नटबोल्ट ओळखतो. जुना पोस्टमास्तर पैसे काढण्याच्या फॉर्मवरची सही बघून ‘ही म्हातारीची नाही’ म्हणतो. यंत्राचे काम त्याच जातीचे आहे. फरक असा की पोस्टमास्तर पुढे जाऊन विचारतो, ‘आजी, हाताला काय झाले?’ यंत्राला वेगळेपण कळते, त्याचे कारण कळत नाही.

आणि आपल्या खात्यांत ‘नेहमीचे’ म्हणजे तरी काय? रेस्ट गिव्हर क्लार्क आज या स्टेशनला, उद्या त्या स्टेशनला. कोणी आजारी पडला की सकाळच्या पाळीचा माणूस रात्रीपर्यंत खिडकीवर. आषाढीला, छटपूजेला, कुंभमेळ्याला दुसऱ्या डिव्हिजनमधून माणसे आणून बसवतात आणि नेहमीच्या कित्येक पट तिकिटे फाडली जातात. पोस्टात पेन्शनच्या दिवसांत आणि राखीच्या आधीच्या आठवड्यात काउंटरचे गणितच बदलते. ग्रामीण डाक सेवकाच्या गावात नेटवर्क नसेल तर तो टेकडीवर जाऊन व्यवहार चढवतो, तेही संध्याकाळी एकदम. एसी खोलीत बसून तयार केलेल्या यंत्राला यातले प्रत्येक वागणे संशयास्पद वाटू शकते.

एक साधा हिशोब करून बघा. समजा एका खात्यात दिवसाला १०,००० लॉग-इन होतात आणि त्यांतला एकच चोराचा आहे. यंत्र इतके हुशार की १०० पैकी ९९ वेळा बरोबर ओळखते. ऐकायला किती छान वाटते! पण उरलेल्या ९,९९९ प्रामाणिक लोकांपैकी एक टक्का, म्हणजे १०० जणांवरही ते लाल खूण करणार. संध्याकाळी साहेबांच्या टेबलावर १०१ नावे येतील आणि त्यांत चोर एक. ९९ टक्के अचूक असलेले यंत्र ज्याच्याकडे बोट दाखवते तो ९९ टक्के चोर असतो, असे समजणाऱ्या अधिकाऱ्याला हा हिशोब कोणीतरी कागदावर मांडून दाखवला पाहिजे.

गाडीत साखळी ओढली जाते तेव्हा गाडी थांबते. थांबलीच पाहिजे. मग गार्ड (२०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’, नाव वाढले, वेतनश्रेणी तीच) उतरून डब्यापर्यंत जातो आणि काय झाले ते बघतो. कधी आग असते, कधी कोणाचे मूल फलाटावर राहिलेले असते, कधी कोणाचे गाव आलेले असते. साखळी ओढली गेली एवढ्यावर कोणी डब्यातल्या प्रवाशांना तुरुंगात टाकत नाही. यंत्राच्या लाल खुणेची किंमत त्या साखळीएवढीच असावी, एवढे आपले म्हणणे आहे.

ही भीती काल्पनिक नाही. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसमध्ये काय घडले ते डाक खात्याच्या प्रत्येक साथीने वाचले पाहिजे. १९९९ पासून तिथे ‘होरायझन’ नावाची हिशोबाची कॉम्प्युटर प्रणाली बसवली गेली. फुजित्सू कंपनीने ती पुरवली. त्यानंतर गावोगावच्या सबपोस्टमास्तरांच्या हिशोबात तूट दिसू लागली. आज हजार पौंड, उद्या पाच हजार. करारात कलम होते की तूट सबपोस्टमास्तरने भरायची. लोकांनी घरे गहाण टाकली, आईबापांकडून पैसे आणले. मदतीसाठी फोन केला की ‘असा त्रास फक्त तुम्हालाच होतो आहे’ असे उत्तर मिळे. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशोब या आरोपांखाली शिक्षा झाल्या. त्यांतले बहुसंख्य खटले खुद्द पोस्ट ऑफिसनेच चालवले होते. एका बाईंना तर गरोदर असताना तुरुंगात पाठवले. तूट खरी नव्हतीच. प्रणालीत दोष होते. शिवाय फुजित्सूची माणसे लांबून सबपोस्टमास्तरांच्या खात्यांत फेरफार करू शकत होती, आणि ‘असे होऊच शकत नाही’ असे वर्षानुवर्षे सांगितले गेले.

अॅलन बेट्स या माजी सबपोस्टमास्तरच्या पुढाकाराने ५५५ जण कोर्टात गेले. डिसेंबर २०१९ मध्ये हायकोर्टाने प्रणालीत दोष होते असा निकाल दिला. सरसकट शिक्षा रद्द करण्यासाठी पार्लमेंटला मे २०२४ मध्ये खास कायदा करावा लागला. जुलै २०२५ मध्ये सरकारी चौकशीचा पहिला अहवाल आला, त्यात या प्रकरणामुळे किमान १३ जणांनी आत्महत्या केली असावी असे नमूद आहे.

होरायझनमध्ये एआय नव्हते. ती साधी हिशोबाची प्रणाली होती आणि तिचे दोष शोधून दाखवता आले, कारण प्रोग्रॅम ओळीओळीने तपासता येत होता. एआयने एखाद्यावर संशय का घेतला हे पुष्कळदा ते बनवणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही. तेव्हा मामला अधिकच कठीण आहे. दुसरे असे की इंग्लंडमध्ये पूर्वी कॉम्प्युटरचा कागद पुरावा म्हणून आणायचा तर कॉम्प्युटर नीट चालत होता हे आणणाऱ्याने दाखवावे लागे. १९९९ च्या कायद्याने ते कलम काढून टाकले. तेव्हापासून कॉम्प्युटर बरोबर आहे असे धरून चालायचे आणि चूक आहे म्हणणाऱ्याने ती दाखवायची. खेड्यातल्या पोस्टमास्तरने फुजित्सूची चूक कुठून दाखवायची?

या प्रकरणातली मला सर्वांत झोंबलेली गोष्ट वेगळीच आहे. सबपोस्टमास्तरांची स्वतःची संघटना होती, राष्ट्रीय फेडरेशन होते. ते सभासदांच्या मागे उभे राहिले नाही. त्याला पोस्ट ऑफिसकडूनच पैसा मिळत होता आणि ते पोस्ट ऑफिसपासून स्वतंत्र नाही, असे न्यायाधीशांनी निकालपत्रात नोंदवले. सभासद तुरुंगात जात होते आणि त्यांची संघटना ‘प्रणाली उत्तम आहे’ म्हणत होती. आपल्या कुठल्याही शाखेच्या पदाधिकाऱ्याला ‘कॉम्प्युटरने दाखवले म्हणजे त्याने खाल्ले असतील’ असे बोलावेसे वाटले, तर त्याने आधी हे निकालपत्र आठवावे.

आपल्याकडे कोर्टात कॉम्प्युटरची नोंद पुरावा म्हणून आणायची तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. पण आपली नोकरी कोर्टात जात नाही, ती खातेनिहाय चौकशीत जाते. रेल्वेत १९६८ चे शिस्त व अपील नियम, डाक खात्यात १९६५ चे सीसीए नियम. तिथे साक्षीपुराव्याचा कायदा काटेकोरपणे लागू होत नाही. गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागत नाही, ‘शक्यता जास्त आहे’ एवढे पुरते. अशा चौकशीत एआयचा एक पानी अहवाल आला, वर टक्केवारी आणि रंगीत आलेख असला, तर चौकशी अधिकाऱ्यावर त्याचे काय वजन पडेल हे सांगायला नको.

काही वर्षांपूर्वी एका बुकिंग क्लार्कच्या बचावासाठी मी चौकशीत उभा होतो. त्याच्या आयडीवरून चाळीस मिनिटांत बरीच तिकिटे रद्द झालेली होती आणि रोकड जुळत नव्हती. लॉग स्पष्ट होता. आयडी त्याचा, पासवर्ड त्याचा, मशीन त्याचे. एसएफ-५ ची चार्जशीट हातात पडली. प्रत्यक्षात खिडकीवर रांग लागलेली असताना त्याला कॅश जमा करायला पाठवले होते. ‘लॉग-आऊट करत बसू नकोस, लोक ओरडतायत, मी बसवतो कोणाला तरी,’ असे वरिष्ठाने सांगितले होते. वरिष्ठाला चौकशीत ते आठवेना. माणूस वाचला तो कॅशच्या रजिस्टरमुळे. त्यात वेळ होती आणि सोबत गेलेल्या आरपीएफच्या जवानाची सही होती. शाईची. लॉग खोटे बोलला नव्हता, आयडी त्याचाच होता. बोटे दुसऱ्याची होती, आणि बोटे कोणाची हे लॉगला माहीत नसते. निर्दोष सुटायला वर्ष गेले. त्या वर्षात घरात काय झाले ते लिहीत नाही.

पोस्टातले दुखणे याच जातीचे, उलट जास्त जुने. एकाने व्यवहार भरायचा आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करायचा असा नियम आहे, आणि तो चांगला आहे. पण दोन माणसांच्या ऑफिसात एकच जागा भरलेली असेल तर? काउंटर बंद ठेवला तर तक्रार, आणि एकाच माणसाने दोन्ही आयडी वापरले तर गुन्हा. पुढे कुठे अफरातफर निघाली की मूळ चोर फरार आणि ‘कॉन्ट्रिब्युटरी निग्लिजन्स’च्या नावाने वसुली चार गरीब क्लार्कांच्या पगारातून. पासवर्ड वाटून घेणे चूक आहे, त्याचे समर्थन मी करत नाही. परंतु रिकाम्या जागा न भरता त्यावर एआय बसवणे म्हणजे छप्पर गळते म्हणून घरातल्यांच्या ओल्या कपड्यांची तपासणी करण्यासारखे आहे. ते यंत्र दररोज दाखवील की अमुक ऑफिसात एकच माणूस दोन आयडी वापरतो. ते तर आम्हीही सांगतो, फुकटात, प्रत्येक मीटिंगमध्ये.

कायद्याचा आधार घ्यायचा तर तोही तोकडा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात इतरांची माहिती वापरताना संमतीचा नियम आहे, पण कलम ७ मध्ये काही सवलती आहेत. नोकरीच्या कारणासाठी, किंवा मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी, कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय वापरता येते. म्हणजे यंत्राने आपल्यावर लक्ष ठेवायला आपली परवानगी लागत नाही. जे मिळवायचे ते वाटाघाटीतच मिळवावे लागेल.

दुसरी बाजूही बघा. पहारेकऱ्यानेच घर पाडले तर? १९ जुलै २०२४ ला तेच झाले. क्राउडस्ट्राइक ही अमेरिकन कंपनी एआयच्या जोरावर कॉम्प्युटरचे रक्षण करते अशी तिची जाहिरात. तिने रक्षक प्रोग्रॅमसाठी एक नवी फाइल पाठवली, तिच्यात दोष होता, आणि जगभर सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बंद पडले. हा आकडा मायक्रोसॉफ्टनेच दिलेला आहे. विमाने रद्द झाली, दवाखाने अडले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कोणा चोराने हे केले नव्हते. आपल्या सिग्नलचे तत्त्व असे की तो बिघडला तर लाल व्हावा, म्हणजे बिघाड झाला तरी गाडी सुरक्षित थांबते. आणि थांबलेली गाडी पुढे काढायला स्टेशन मास्तरकडे लेखी अधिकारपत्र असते, पॉइंट्समनचा हात सिग्नल असतो. ही शिस्त शंभर वर्षांच्या अपघातांतून आली आहे. कॉम्प्युटरच्या दुनियेने ती अजून पुरती शिकलेली दिसत नाही. आणि दुरुस्ती कशी झाली? बहुतेक ठिकाणी माणूस प्रत्येक मशीनपाशी गेला, ते सेफ मोडमध्ये चालू केले आणि ती फाइल हाताने पुसली. एआयने नाही, माणसांनी. याच कंपनीने पुढे मे २०२५ मध्ये सुमारे ५०० माणसे, म्हणजे आपले पाच टक्के कर्मचारी, कमी करण्याचे जाहीर केले. कारण दिले एआयचे!

दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ ला खंडणीखोर हल्ला झाला तेव्हाही असेच. सर्व्हर बंद, आणि जवळजवळ दोन आठवडे ओपीडीपासून प्रयोगशाळेपर्यंत सगळे कागदावर. डॉक्टर, नर्स, क्लार्क यांनी हाताने लिहून दवाखाना चालू ठेवला. हल्ला कसा शिरला? सरकारने संसदेत सांगितले की नेटवर्कची विभागणी नीट केलेली नव्हती. म्हणजे एका खोलीत शिरलेला चोर सगळ्या वाड्यात फिरू शकत होता. हा निर्णय कोणत्या पातळीवरचा? आणि त्या वेळी लगेच निलंबित कोण झाले? दोन सिस्टिम अॅनालिस्ट.

जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटनच्या रॉयल मेलवर असाच हल्ला झाला आणि परदेशी जाणारी टपाल सेवा कित्येक आठवडे विस्कळीत राहिली. एका केंद्रातल्या प्रिंटरमधून टपालाच्या लेबलांऐवजी खंडणीच्या चिठ्ठ्या बाहेर पडू लागल्या होत्या.

यंत्राने वेळेवर सांगूनही उपयोग होत नाही, याचे उदाहरण अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानांच्या साखळीचे आहे. २०१३ च्या अखेरीस तिथून सुमारे चार कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर शिरले ते दुकानांच्या रेफ्रिजरेशनचे काम करणाऱ्या एका ठेकेदाराच्या पासवर्डने. इशारा देणारे महागडे यंत्र बसवलेले होते आणि त्याने इशारा दिलाही. तो बंगलोरच्या ऑफिसात बसलेल्या आपल्या मुलांनी पाहिला आणि अमेरिकेतल्या मुख्य कार्यालयाला कळवला. तिथे कोणी काही केले नाही. आमच्याकडे ठेकेदारीचा प्रश्न काढला की ‘तो पगाराचा प्रश्न आहे’ म्हणतात. तो सुरक्षेचाही प्रश्न आहे. आज एका ठेकेदाराचा, उद्या दुसऱ्याचा असा माणूस, ज्याला ओळखपत्र वेळेवर मिळत नाही आणि पगारही वेळेवर मिळत नाही, त्याच्या हातात नेटवर्कच्या किल्ल्या द्यायच्या आणि कायम क्लार्कवर एआयचा पहारा बसवायचा, याला काय म्हणावे?

तेव्हा वाटाघाटीत काय मागायचे? माझ्या मते मुख्य मागणी एकच आहे आणि बाकीच्या तिच्या पोटात येतात. यंत्राच्या इशाऱ्यावरून थेट चार्जशीट किंवा निलंबन नको. आधी माणसाने जागेवर जाऊन तपासावे, ड्युटी रोस्टर, मस्टर, कॅशचे रजिस्टर बघावे, कर्मचाऱ्याला विचारावे, आणि हे तपासल्याचे लेखी असावे. चौकशी झालीच तर कर्मचाऱ्याला फक्त निष्कर्षाचे पान नव्हे, संपूर्ण मूळ लॉग मिळावेत, तेही १८० दिवस उलटून ते पुसले जाण्याआधी. त्या दिवशी यंत्राने आणखी किती जणांवर खूण केली होती आणि त्यांचे पुढे काय झाले, हेही मिळावे. प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस उलटतपासणीला हजर राहत नसेल तर तिचा अहवाल पुरावा धरू नये. सुरक्षेसाठी गोळा केलेली माहिती हजेरीसाठी, बदलीसाठी किंवा युनियनच्या कार्यकर्त्यावर नजर ठेवण्यासाठी वापरणार नाही, असे लेखी पाहिजे. शेवटचा मुद्दा लिहायला संकोच वाटत नाही, कारण कोणता कार्यकर्ता कोणत्या वेळी कोणाला मेसेज करतो हे कळण्यात कोणाला रस असतो ते आपण जाणतो.

प्रशिक्षणाबद्दल एकच वाक्य. ड्युटी संपल्यावर मोबाइलवर वीस मिनिटांचा व्हिडिओ दाखवून ‘प्रशिक्षण पूर्ण’ असा शिक्का मारणे बंद करून ते ड्युटीच्या वेळेत, मराठी, हिंदी, तेलुगू, जी भाषा माणसाला येते तिच्यात द्यावे.

प्रत्येक सभासदाने मात्र आजपासूनच एक सवय लावून घ्यावी. खुर्चीवरून उठताना लॉग-आऊट करा, मग रांग कितीही ओरडो. वरिष्ठाने ‘राहू दे’ म्हटले तर ते डायरीत वेळेसह लिहा आणि शक्य असेल तर त्याला त्याच दिवशी लेखी कळवा. कॅश, चार्ज, किल्ल्या यांची रजिस्टरे कॉम्प्युटर आहे म्हणून बंद करू देऊ नका. एकट्याला दोन आयडींवर काम करायला सांगितले तर लेखी आदेश मागा. बहुतेक वेळा तो मिळणार नाही, पण मागितल्याची प्रत आपल्याकडे राहील.

पुढच्या पीएनएमच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा असे मी आपल्या डिव्हिजनला सुचवले आहे. डाक खात्याच्या साथींनीही आपल्या सर्कलच्या बैठकीत तो मांडावा. त्यासाठी शाखा सचिवांनी तीन गोष्टींची माहिती पाठवावी: आपल्या ऑफिसात कॉम्प्युटरवर नजर ठेवणारी कोणती प्रणाली बसवली आहे आणि ती कोणत्या कंपनीची आहे, किती खिडक्यांवर एकाच मशीनवर एकाहून जास्त माणसे काम करतात, आणि गेल्या तीन वर्षांत केवळ लॉगच्या आधारावर किती चार्जशीटा निघाल्या. नावे कळवू नयेत, फक्त संख्या आणि कलम. माहिती कागदावर, शाखेच्या शिक्क्यासह पाठवावी. व्हॉट्सअॅपवर नको.